बाबांनी आखलेल्या कडा

माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर झाल्याचं मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दारात पाव विकणारा पोदेर उभा होता. त्याने कागदात गुंडाळलेले चार उंडे माझ्या हातात दिले आणि ते सरळ पायरीवर पडले. तो म्हणाला, “बाय, धर गो बरे.” मी धरलेच आहेत असं मला वाटत होतं. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, तिन्ही जागेवर होती, हलतही होती. पण त्यांच्यात काही आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

मी घाबरले नाही. उंडे उचलले, झटकले आणि आत आले.

पेडण्याला माहेरी येऊन मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. हैदराबादला नवऱ्यासोबतचा संसार संपला होता, पण भांडण असं झालंच नाही. एका रविवारी आम्ही दोघांनी भांडी आणि पुस्तकं वाटून घेतली, कुकर त्याला दिला, आणि दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले. इथे आल्यावर शेजारच्या बायका म्हणायच्या, पोरगी धीराची हो. माझ्यात धीर वगैरे काही नव्हता. मला काही वाटतच नव्हतं. सकाळी उठायचं, नऊला कॉम्प्युटर लावायचा, संध्याकाळी बंद करायचा. जेवणात मीठ कमी आहे हे मला बाबांनी त्याची बाटली पुढे ओढली की समजायचं.

माझं काम सांगायला सोपं आहे. हैदराबादचा एक स्टुडिओ परदेशी मालिकांची, जाहिरातींची कामं घेतो आणि मी त्यांच्यासाठी घरून रोटो करते. म्हणजे चालत्या चित्रातून माणूस कापून वेगळा काढते. माणसाभोवती टिंबं टाकत एक बंद रेघ आखायची, तिला मास्क म्हणतात. पुढच्या फ्रेममध्ये माणूस हलला की रेघही त्याच्यासोबत हलवायची. डोक्याला एक मास्क, दंडाला दुसरा, कोपराखाली तिसरा. शेवटी काळ्या पडद्यावर माणसाच्या आकाराची पांढरी सावली हलताना दिसते, ती मॅट. पांढऱ्यातलं राहतं, काळ्यातलं जातं. माणसामागे नंतर कोण काय लावतं, बर्फ की राजवाडा, ते मला कधी कळत नाही.

म्हापशाच्या डॉक्टरांनी माझ्या मनगटावर टिचक्या मारल्या आणि विचारलं, “माउस किती तास?”

“नऊ. कधी दहा.”

“नस दाबली गेलीय. सहा आठवडे बंद. नाहीतर छोटं ऑपरेशन.”

त्यांनी दिलेला मनगटाचा पट्टा बांधून मी बसने परत आले. त्या वेळी माझ्याकडे एक शॉट होता, दहा दिवसांत द्यायचा. स्टुडिओत कामं वाटणारी एक मुलगी होती, माझ्याहून बरीच लहान, दर वाक्यामागे दीदी म्हणणारी. तिला हाताचं सांगावं असं एकदा मनात आलं. पण या धंद्यात एकदा काम दुसऱ्याकडे गेलं की ते तिकडेच राहतं. मी सांगितलं नाही.

शॉट होता तेरा सेकंदांचा, तीनशे बारा फ्रेमचा. कुठल्याशा परदेशी अंगणात एक बाई दोरीवरच्या चादरी काढते आहे आणि वारा सुटलाय. बाई सोपी होती. चादरी अवघड. कापडाला हाडं नसतात, त्यामुळे त्याची कडा कुठे जाईल याचा नेम नसतो. मी दोन दिवस डाव्या हाताने प्रयत्न केला. चादरीच्या कोपऱ्यावर ठेवायचं टिंब मागच्या खांबावर जाऊन बसायचं.

तिसऱ्या दिवशी बाबा चहा घेऊन आले आणि कप मेजावर ठेवून माझ्या पाठीमागे उभे राहिले.

घरात आम्ही दोघंच होतो. भावाला मूल झालं म्हणून आई पुण्याला गेली होती, सहा महिन्यांसाठी. बाबा डिचोलीकडच्या एका खाणीच्या सर्व्हे ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. माझ्या लहानपणी ते तिकडेच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. खाणी बंद झाल्या तेव्हा निवृत्तीला काही वर्षं उरली होती, पण ते घरी आले ते आलेच. तेव्हापासून ते पेपर वाचून त्याच्याच घडीवर घडी घालून ठेवत आणि खिडकीपाशी, जनेलाशी बसत. आम्ही एकमेकांना चहा द्यायचो, जेवायला हाक मारायचो. याहून जास्त बोलणं आमच्यात लागत नसे.

“इतकी टिंबां कित्याक घातलंस?” त्यांनी विचारलं.

“कापड हलता ना, बाबा.”

“हलू दी. जंय वळता थंय टिंब. सरळ असा थंय त्याचा काय काम?”

 त्यांनी माझ्या मनगटावरच्या पट्ट्याकडे बघितलं. हाताला काय झालंय हे त्यांनी आजवर विचारलं नव्हतं आणि तेव्हाही विचारलं नाही.

“सर वाईच,” ते म्हणाले.

माझ्याकडे चित्रं काढायची काळी पाटी आणि तिचं पेन कपाटात पडून होतं. मी ते कॉम्प्युटरला जोडून दिलं. बाबांनी पेन हातात घेऊन टोक बघितलं, शाई कुठून येते ते शोधलं, आणि पाटीवर रेघ मारली. पाटी कोरीच राहिली. रेघ समोर पडद्यावर उमटली होती. ते पाटीकडे बघत राहिले.

“वर बघा,” मी म्हटलं.

“हात हयसर आणि बघायचा थंय?”

“होय.”

त्या दिवशी त्यांना काहीच जमलं नाही. संध्याकाळी त्यांनी पेटीतून ट्रेसिंग पेपरची जुनी गुंडाळी काढली. तिचा वास अख्ख्या खोलीत पसरला. एक तुकडा कापून त्यांनी तो चिकटपट्टीने माझ्या पडद्यावर लावला आणि पेन्सिलीने चादर काढली. मग मला फ्रेम पुढे न्यायला सांगितली. “आणखी. आणखी. रव.” वाऱ्याने चादर पुरती फुगली होती तिथे दुसरी रेघ. “आणखी.” चादर परत खाली आली तिथे तिसरी. एकाच कागदावर तीन चादरी झाल्या.

“ह्यो तीन नीट घेतल्यार मदलो भाग आपसूक येता. काय नाय?”

बरोबर होतं. दोन टोकं नीट धरली की मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर स्वतः भरून काढतं. उलट दर फ्रेमला हात लावला तर कडा थरथरायला लागते. मला हे शिकायला क्लासात सहा महिने लागले होते. पण मी फक्त “होय” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नऊला बाबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून. मी डाव्या हाताने कीबोर्ड सांभाळायचे, ते पेनाने रेघ ओढायचे. “पुढे.” “मागे.” “रव.” एवढंच बोलणं. पडद्याकडे बघत हात चालवायला ते दोन दिवसांत शिकले. अकराला ते उठून पेज गरम करायचे, एकला आम्ही जेवायचो, पाचला ते खुर्ची आत सरकवून निघायचे. त्यांना मजा येत होती का, हे मी विचारलं नाही. मला येत नव्हती. पण शेजारी दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत असला की वेळ लवकर सरतो, एवढं माझ्या ध्यानात आलं.

एकदा चादरीचा कोपरा आखता आखता ते आपणहून म्हणाले, “खाणीर दर म्हयन्याक एकाच डोंगराचो नकाशो नव्यान काढू लागायचो. दर म्हयन्याक रेघो भुतूर.”

“भुतूर म्हणजे? आत?”

“डोंगर कमी व्हायचो तशी रेघ भुतूर सरकायची. बावीस वर्सां एकच डोंगर काढलंय. मगे काढूक काय उरला नाय.”

“वाईट वाटायचा?”

त्यांनी थोडा विचार केला. “लाइन बरी येता काय, इतक्याच बघी मी. पुढे.”

मी पुढची फ्रेम लावली.

शॉट एक दिवस आधीच गेला आणि एकही चूक न निघता पास झाला. त्या मुलीने निरोप पाठवला, दीदी, चादरींच्या कडा फारच सुंदर. लगेच दुसरा शॉट आला, बाजारातून धावत सुटलेला एक माणूस. आईचा फोन आला तेव्हा ती हसत होती. “तुझे बाबा माका काय सांगतत, तर दोनशे फ्रेम झाले म्हणान! इतकी वर्सां फोनार नुसता ‘हूं’ म्हणायचे. मी हयसर सगळ्यांका सांगितलंय, आमचे परत कामाक लागले.”

दुसऱ्या शॉटच्या चौथ्या दिवशी त्या मुलीने अचानक व्हिडिओ कॉल लावला. तिला धावणाऱ्या माणसाच्या बुटांबद्दल काही सांगायचं होतं. मी बटण दाबलं, आणि माझ्याबरोबर बाबाही तिला दिसले, हातात पेन घेतलेले. मी काही बोलायच्या आत बाबांनी वाकून नमस्कार केला.

“नमस्ते बेटी. वो चादर का काम हमने किया. अच्छा हुआ ना?”

तिची नजर पेनावर गेली, मग ती हसली. “बहुत अच्छा, अंकल.” तिने बुटांचं सांगितलं आणि फोन ठेवला. बाबा दिवसभर खूश होते. त्यांनी जेवताना दोनदा सांगितलं, पोरगी सभ्य आहे.

पाच वाजून गेल्यावर मेल आला. कामाची चित्रं माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीही पाहायची नाहीत अशा कागदावर मी सही केली होती. ती अट मोडली म्हणून माझं खातं बंद करण्यात आलं होतं. मी त्या मुलीला फोन केला. ती रडवेली झाली होती. म्हणाली, “दीदी, कॉल रेकॉर्ड होतात. मी नाही कळवलं.” मी तिला म्हटलं, काही हरकत नाही. मला खरंच काही वाटलं नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद केला, भात लावला, बाबांच्या ताटात माशाचं हुमण वाढलं.

सकाळी नऊला बाबा शर्ट घालून आले. खुर्ची ओढून बसले आणि हात पुढे केला, पेन दे म्हणून.

तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं, “आज त्यांका सुट्टी.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “खूप सणवार आसत गो त्यांचे.” मग मी म्हटलं, उद्या नवा शॉट येतोय.

तो कुठून आणायचा हे मी ठरवलं नव्हतं. डॉक्टरांकडे जाते असं सांगून मी म्हापशाच्या ऐवजी केरीच्या बसमध्ये बसले. केरीला सुरूच्या झाडांपलीकडे उतरून फोन हातात धरला आणि किनारा ओळखू येणार नाही अशा बेताने उभी राहिले. समोरचा किल्ला नको, फेरीबोट नको, नुसती वाळू आणि पाणी. एक वयस्क मच्छीमार खांद्यावर जाळं टाकून पाण्याकडून वर येत होता. मी त्याला वीस सेकंद टिपलं. घरी येऊन ते चित्र सोळा सेकंदांचं केलं, रंग थोडा निळसर केला, आणि इतर कामांना असतं तसं आकड्यांचं नाव देऊन ठेवलं.

“हे खंयचे?” बाबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

“काय म्हायत. स्पेन असात.”

“थंय पण जाळा अशीच खांद्यार घेतत,” ते म्हणाले आणि कामाला लागले. जाळं चादरीहून वाईट होतं. त्याच्या भोकांतून मागचं पाणी दिसत होतं. बाबांनी पुन्हा ट्रेसिंग पेपर लावला. चार दिवस आम्ही त्या मच्छीमाराला आखत होतो. मी खोटं बोलतेय याची मला टोचणी लागली असती तर बरं झालं असतं. तसंही काही होत नव्हतं. आईला ते रोज फोनवर आकडा सांगत होते.

पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. आतापर्यंत चित्र मीच डाव्या हाताने एकेक फ्रेम पुढे-मागे करायचे, त्यात आवाज येत नाही. त्या दिवशी बाबांनी स्वतः चित्र सलग चालवायचं बटण दाबलं. आतून लाटांचा आवाज आला. आणि मग त्या मच्छीमाराचा, ठसठशीत:

“गो बाय, वाट सोड मगो! मधीच उबी रवलंस ती!”

स्टुडिओच्या चित्रांना कधी आवाज नसतो. माझ्या फोनच्या चित्राला होता, आणि तो काढायचं मी विसरले होते.

मी दारापर्यंत आले. बाबांनी तो भाग पुन्हा लावला. पुन्हा तो माणूस ओरडला. मग त्यांनी चित्र थांबवलं, पेन हातात घेतलं आणि जाळ्याची अर्धी राहिलेली कडा पुरी केली. माझ्याकडे बघितलं नाही.

जेवताना त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

“फोन इल्लो त्या दिसापासून.”

“माझ्यामुळा?”

“नाय, बाबा.”

“खरा सांग.”

“होय.”

त्यांनी ताटातलं शीत संपवलं, ताट स्वतः धुतलं आणि बाहेर जाऊन जनेलाशी बसले. पेपर घेतला नाही. पुढचे दोन दिवस ते खोलीत आले नाहीत. आईचा फोन आला तेव्हा मी आत होते, पण ऐकू येत होतं. “नाय,” ते तिला सांगत होते, “काम बंद झाला. चूक माझी. तिका काय बोलू नको.” नंतर बराच वेळ ते नुसतं “हूं” म्हणत राहिले.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ते आले, बनियनवर, खांद्यावर पंचा. खुर्ची ओढली.

“तो अर्दो रवलो मगो.”

“त्याचो आता काय उपेग, बाबा?”

“उपेग नसू दी. अर्दो ठेवू नये. पुढे.”

आम्ही तो पुरा केला. दोन दिवस लागले. शेवटी मी मॅट चालवून दाखवली. काळ्यातून एक पांढरा माणूस पांढरं जाळं घेऊन वर चालत आला, सोळा सेकंद, आणि थांबला. आवाज मी काढून टाकला होता. बाबा पुढे वाकून जाळ्याची कडा बघत होते.

“हयसर जरा हलता,” त्यांनी एका जागी बोट ठेवलं. मग म्हणाले, “रवू दी. बरा झाला.”

मी त्यामागे काहीच लावलं नाही. ती फाइल तशीच काळी-पांढरी माझ्याकडे आहे.

पुढच्या महिन्यात माझ्या मनगटाचं ऑपरेशन झालं. बाबा माझ्यासोबत म्हापशाला आले आणि दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसले. टाके निघाल्यावर हळूहळू अंगठा परत आला, मग त्याच्या शेजारचं बोट. मुंग्या आल्यासारखं व्हायचं, आणि ते दुखायचंही. मधलं बोट अजूनही अर्धंच माझं आहे. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, किंवा तेवढंच राहील.

तीन महिन्यांनी त्या मुलीचा फोन आला. मोठं काम आलं होतं, माणसं कमी पडत होती, आणि कपड्यांच्या कडा नीट आखणारं कुणी तिला हवं होतं. तिने वरिष्ठांशी बोलून ठेवलं होतं. पण अटी होत्या. नवीन सही, स्वतंत्र खोली, आतून बंद होणारं दार, आणि त्या दाराचा फोटो.

मी बाबांना सांगितलं. ते जनेलाशी पेपर वाचत होते.

“सही कर,” ते म्हणाले.

“मगे तुमी?”

“माका काय? मी बदलीर होतंय, तुझो हात बरो होईसर.”

माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. त्यांनी बाजारातून आणली. पट्टीने मोजून, दारावर पेन्सिलीने बारीक खुणा करून, चारही स्क्रू सरळ बसवले. मी फोटो काढून पाठवला. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं.

आई आता परत आली आहे. तिने आल्या आल्या विचारलं, तुमचं दोघांचं काम कसं चाललंय. बाबा म्हणाले, काम हिचंच आहे, मी चार दिवस हात दिला होता. ते आता सकाळी स्टँडकडे जातात, तिथल्या ओळखीच्या माणसांत बसतात आणि अकराला येतात. शर्ट साधाच, बिनइस्त्रीचा.

सही करताना मला काय वाटलं, हे आईने एकदा विचारलं. मी आठवून बघितलं. पेन बोटात नीट धरता येतंय का, याकडेच माझं लक्ष होतं. तिला मी तसंच सांगितलं.

नऊला मी खोलीत जाते. बाबा बाहेर निघायच्या तयारीत असतात. चपला घालता घालता ते दाराशी थांबतात.

“ओढून घेऊ?”

“घ्या.”

ते दार ओढून घेतात. मी उठून कडी लावते.